लेखणी उशिरा हाती आली तरी

आपल्यापैकी कित्येकांच्या वहीत चार ओळी लिहून अर्धवट सोडलेली कविता असेल. शिक्षण थोडे, वय झालेले, घरकाम संपत नाही, अशी कारणेही तयार असतील. अशा वेळी लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र जरूर आठवावे.

नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. घरात वडिलांचे विलक्षण सोवळे, आणि मुलींच्या शाळेचे तर नावच नको! अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक या कवीशी झाला. अक्षरओळख झाली ती संसारात, पतीच्या हाताखाली. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला विरहाची वर्षे आली. पुढे १९०० साली त्यांनीही, स्वतः विचार करून, ख्रिस्ताचा स्वीकार केला.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. कसलेल्या कवीच्या ओवीपुढे आपली ओवी मांडायची, याचे भय कोणास वाटणार नाही? लक्ष्मीबाईंनी मात्र एकामागून एक अध्याय रचीत साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. एवढे काम एका बैठकीत होत नसते, हे लिहिणाऱ्यांस सांगावयास नकोच.

'स्मृतिचित्रे'चा उगम तर याहून साधा. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढाच हेतू. त्या लिहू लागल्या तशा बोलत गेल्या. बाजारास गेलेले टिळक भलतीच वस्तू घेऊन परततात, नवराबायकोचे भांडण जुंपते, आणि बाई स्वतःच्या फजितीवरही हसतात. भाषा माजघरातली. विद्वत्तेचा आव आणला असता तर हे पुस्तक कधीच विस्मृतीत गेले असते, असे मला वाटते. या आठवणी 'संजीवनी'तून हप्त्याहप्त्याने आल्या. ठरलेल्या अंकाला मजकूर द्यावयाचा असला की, मन लागत नाही ही सबब चालत नाही!

पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. दोनच वर्षांनी, १९३६ साली, त्या प्रभूघरी गेल्या. पूर्ण झालेले 'ख्रिस्तायन' छापून आले ते त्यानंतर, १९३८ साली. ते हाती घेऊन पाहणे ना टिळकांना लाभले, ना त्यांना.