कै. रमाबाई रानडे : सभेत उभी राहिलेली पहिली पिढी

भगिनींनो, आपल्या मंडळात दरवर्षी हळदीकुंकू होते, भजन होते, पाककृतीची स्पर्धाही होते. पण चार शब्द बोलायला कोणी उठावे असे म्हटले की आपण एकमेकींच्या पाठीमागे लपतो. मीही त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी आभार मानायला उभी राहिले आणि पाहुण्यांचे नावच विसरले. घरी येऊन रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा आमच्या शेजारच्या आजींनी मला रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक वाचायला दिले. त्यातून आणि इतर वाचनातून जे कळले ते माझ्या साध्या भाषेत सांगते.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. त्या काळी मुलीच्या हाती पुस्तक दिसणे हेच अशुभ समजत. 1873 साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. ते वयाने वीस वर्षांनी मोठे, बिजवर आणि मोठे विद्वान. रमाबाईंना मात्र अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्न होताच त्यांना पाटीवर मुळाक्षरे गिरवायला बसविले. पुढे मराठी वाचता येऊ लागले आणि मग इंग्रजी सुरू झाले.

हे सारे भरल्या घरात चालले होते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे शिकणे मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, हसणे, सारे काही झाले. रमाबाई उलट बोलल्या नाहीत आणि पाटीही खाली ठेवली नाही. या दोन्ही गोष्टी एकदम साधणे किती कठीण, हे सासुरवास भोगलेल्या बाईला सांगायला नको.

1878 च्या सुमारास रानड्यांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंनी बायकांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र आणले. त्यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकलाच एका शाळेत झाले. ते रानड्यांनी लिहून दिले होते. भगिनींनो, एवढी मोठी बाई, पण सुरुवात दुसऱ्याच्या लिहिलेल्या कागदावरून झाली! तेव्हा आपल्याला कागद हातात धरायची लाज कशाला?

पुढे पुण्यात 1882 साली पंडिता रमाबाई आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. तेथे जाण्यावरूनही घरात वादळ उठले. त्याच सुमारास मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून सभा झाली आणि गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांपुढे रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचले. घरी त्याबद्दल खूप ऐकून घ्यावे लागले. पण 1884 साली पुण्याला मुलींचे हायस्कूल निघाले; तेच आजचे हुजूरपागा. त्या दिवशी सभेत उभे राहताना त्यांच्या मनात भीती नसेल असे मला वाटत नाही. मुलींची शाळा ही भीतीहून मोठी होती, एवढेच.

1901 साली रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. ज्यांनी पहिले भाषण लिहून दिले ते राहिले नव्हते. आता शब्द स्वतःचेच आणायचे होते. त्यांनी ते आणले. 1904 साली मुंबईच्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले, तेथे विधवा व गरीब स्त्रियांना शिक्षण आणि दाईचे, परिचारिकेचे काम शिकविले गेले. तुरुंगातल्या बायकांना त्या भेटत, त्यांच्याशी बोलत. मुलींना सक्तीचे शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठीही त्या झटल्या. त्यांचे बोलणे साधे असे आणि ऐकणारीच्या मनाला भिडे. 1924 साली त्यांचे निधन झाले. भारत सरकारने 1962 साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

यातून मी माझ्यापुरते चार धडे घेतले. बोलण्याआधी काय सांगायचे ते कागदावर लिहावे. स्वयंपाकघरात ते मोठ्याने दोन-तीनदा वाचावे. भाजी चिरतानाही वाचता येते. पहिल्यांदा आपल्याच ओळखीच्या बायकांत बोलावे. आणि मुख्य म्हणजे, ज्याची आपल्याला खरोखर कळकळ आहे तेच बोलावे, म्हणजे शब्द शोधावे लागत नाहीत.

भाईंदरच्या पश्चिमेला राहणाऱ्या आपण बायका. कोणी सकाळची लोकल पकडते, कोणी घर सांभाळते. पाण्याची वेळ, शाळेची फी, रस्त्यावरचा कचरा, सांगण्यासारखे आपल्याजवळ पुष्कळ आहे. नळावर आपण ते तासभर सांगतो. सभेत पाच मिनिटेही सांगत नाही. गेल्या वर्षी मी पुन्हा आभार मानायला उभी राहिले. हात थरथरत होता, पण कागद हातात होता, आणि पाहुण्यांचे नाव अगदी पहिल्या ओळीत लिहून ठेवले होते. सातवी शिकलेल्या मला एवढे जमले. यंदाच्या वर्धापनदिनी तुमच्यापैकी कोण उठणार?