एका हाताचा छायाचित्रकार : चार्ल्स लमिस

अमेरिकेतील चार्ल्स फ्लेचर लमिस (१८५९–१९२८) हे १८८४ साली सिनसिनाटीहून लॉस एंजेलिसला पायी निघाले व वाटेवरून तेथील दैनिकाकडे प्रवासवृत्ते धाडीत राहिले. पुढे त्याच दैनिकात ते नोकरीस लागले. परंतु पक्षाघाताने डावा हात लुळा पडला व नोकरी सुटली. तथापि न्यू मेक्सिकोतील इस्लेटा या पुएब्लो लोकांच्या गावी राहून, एका हाताने जड कॅमेरा सांभाळीत, लेख व छायाचित्रे विकून त्यांनी चरितार्थ चालविला. कालांतराने हात सुधारला. १८९५ मध्ये ‘लँड ऑफ सनशाइन’ या प्रादेशिक मासिकाचे संपादकत्व त्यांजकडे आले. नोकरी गेली म्हणजे सर्वस्व गेले, असे मानणाऱ्या ज्ञातीतील तरुणांपुढे हे चरित्र आम्ही नम्रपणे ठेवीत आहोत.