ब्राउनिंग आणि त्याची स्प्रिंग

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे यांचे प्राथमिक शिक्षण इंदुरात झाले. त्यामुळे इथे विजयनगरात राहणाऱ्या मला ही कथा घरची वाटते. पण ते पिस्तूल ज्याच्या नावाचे, तो ब्राउनिंग कोण, हे सहसा कुणी विचारीत नाही.

जॉन मोझेस ब्राउनिंग २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेत, युटातील ऑग्डेन येथे जन्मला. वडील बंदुका घडवीत. शालेय शिक्षण बेताचेच. खरी विद्या दुकानातल्या भंगारातून मिळाली. १८७९ साली पहिले पेटंट, अखेरीस ती १२८ झाली. पुढे बेल्जियममधील हर्स्टालच्या कारखान्याने त्याचे खिशात मावणारे पिस्तूल १९०० च्या सुमारास बाजारात आणले.

ह्या पिस्तुलाचा प्राण म्हणजे एक स्प्रिंग. गोळी सुटली की टरफलाच्या रेट्याने वरचा सरकता भाग मागे जातो, टरफल बाहेर पडते आणि स्प्रिंग दाबली जाते. ती उलगडताना तोच भाग पुढे येऊन नवे काडतूस नळीत बसवतो. १९०० च्या पिस्तुलात ती नळीच्या वर असून टोच्यालाही तीच बळ देई. १९०३ साली तिला नळीखाली जागा मिळाली, १९१० साली नळीभोवतीच.

पिस्तूल जितके लहान तितका सरकता भाग हलका, म्हणून स्प्रिंगवर ताण जास्त. वापराने ती आखूड व ढिली होते. मग सरकता भाग मागे जोराने आदळतो, काडतूस अर्धवट बसते. उपाय एकच : तेवढ्याच जोराची नवी स्प्रिंग. अधिक कडक घातली, तर टरफल आतच अडकते. कारागीर नेमका इथेच चुकतो!

लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे पाठवली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना नसलेले हत्यार दुरुस्तीला न्यायचे तरी कुणाकडे? स्प्रिंग दगा देती, तर त्या तरुणांपाशी दुसरी नव्हतीच. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फाशी झाली.

ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टालच्या कारखान्यातच हृदयविकाराने गेला. त्याचे अपुरे राहिलेले पिस्तूल सेव्ह याने पुरे केले, ते १९३५ साली बाहेर पडले. पुढे आपल्या सैन्यासाठी इशापूरच्या कारखान्यात त्याच घडणीची पिस्तुले तयार झाली.