दुपारच्या गोष्टींची जननी : इर्ना फिलिप्स

थोर स्त्रियांची चरित्रे आपण स्मरणिकेत नेहमी वाचतो. कुणी राज्य राखले, कुणी शाळा काढल्या, कुणी रोग्यांची सेवा केली. आज ज्या बाईंची माहिती मी देत आहे त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. घरात एकट्या राबणाऱ्या लाखो बायकांना त्यांनी दुपारची सोबत दिली. अमेरिकेत ज्यांना सोप ऑपेरा म्हणतात त्या रोजच्या कौटुंबिक मालिकांच्या या जननी. त्यांचे नाव इर्ना फिलिप्स. त्यांना जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी आपण संध्याकाळी ज्या मालिकांपुढे बसतो त्यांचे मूळ शोधत गेले, की वाट त्यांच्या दाराशी पोहोचते.

इर्नाबाईंचा जन्म १ जुलै १९०१ रोजी शिकागो शहरात एका जर्मन ज्यू कुटुंबात झाला. दहा भावंडांत त्या शेंडेफळ. वडील लहानपणीच गेले आणि आईने सगळा संसार ओढला. मुलगी प्रकृतीने नाजूक, अबोल आणि दिसायला साधी होती. अंगावर मोठ्या बहिणींचे उतरलेले कपडे. मैत्रिणी नव्हत्या, म्हणून ती बाहुल्यांचे संसार मांडी आणि त्यांच्या सुखदुःखाच्या गोष्टी मनाशी रचीत बसे. पुढे आयुष्यभर तिने तेच केले, फक्त बाहुल्यांच्या जागी माणसे आली.

कॉलेजात असताना त्यांना नाटकात काम करण्याची फार हौस होती. पण रंगभूमीला लागणारे रूप नाही आणि उंचीही नाही, असे शिक्षकांनी तोंडावर सांगितले. त्याच सुमारास, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. ज्याच्यावर जीव लावला त्या गृहस्थाने दिवस गेल्याचे कळताच पाठ फिरवली. मूल जन्मले ते मृतच. शंभर वर्षांपूर्वी अविवाहित मुलीवर असा प्रसंग येणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या दिवसांत शिकागोतील प्रेस्टन ब्रॅडली नावाच्या धर्मोपदेशकाची प्रवचने ऐकून त्यांच्या मनाला धीर आला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिला फळ आले.

शिक्षण पुरे करून त्या शिक्षिका झाल्या आणि ओहायो राज्यातील डेटन गावी काही वर्षे त्यांनी नाट्यशिक्षण दिले. सुटीत शिकागोला आल्या असता डब्ल्यू. जी. एन. या नभोवाणी केंद्रात त्यांचे जाणे-येणे सुरू झाले. नभोवाणीवर चेहरा दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. जिला रंगभूमीने रूपावरून नाकारले तिला येथे दार उघडे मिळाले. केंद्राने त्यांना एका कुटुंबाची रोज थोडी थोडी पुढे सरकणारी गोष्ट लिहायला सांगितले. २० ऑक्टोबर १९३० रोजी ‘पेंटेड ड्रीम्स’ ही मालिका सुरू झाली. दिवसा लागणारी आणि खास गृहिणींसाठी केलेली ही पहिली मालिका मानतात. त्यात मदर मोयनिहॅन नावाची एक विधवा आई होती, तिची वाढती मुले होती आणि रोजची घरातली बोलणी होती. लिहिणाऱ्याही इर्नाबाई आणि आईचे काम करणाऱ्याही त्याच. तेव्हा त्या अवघ्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. आई म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे आपलीच आई होती.

गोष्ट लोकांना आवडली. तेव्हा ती देशभर ऐकू जावी म्हणून इर्नाबाईंनी ती मोठ्या नभोवाणी कंपनीकडे नेण्याचे ठरवले. केंद्राने नकार दिला. तुम्ही आमच्या पगारी नोकर, म्हणून तुम्ही लिहिलेली गोष्ट आमच्या मालकीची, असे केंद्राचे म्हणणे. बाई कोर्टात गेल्या. खटला अनेक वर्षे रेंगाळला आणि १९४१ साली अखेरचा निकाल केंद्राच्या बाजूने लागला. स्वतःच्या आईवरून रचलेली गोष्ट, स्वतःच्या आवाजात सांगितलेली, पण कागदावर आपली नाही! घरचे दागिने, घर, दुकान यांच्या कागदांकडे आपण बायका किती वेळा नजर टाकतो, ते येथे आपल्या मनाशी विचारून पाहावे.

इर्नाबाई रडत बसल्या नाहीत. निकालाची वाट न पाहता १९३२ सालीच त्यांनी ‘टुडेज चिल्ड्रन’ नावाची दुसरी गोष्ट सुरू केली. आई तशीच, फक्त नाव मदर मोरन. या वेळी मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. पुढे त्यांची खरी आई वारली तेव्हा, रंगात आलेली ही मालिका त्यांनी बंद करायला लावली. जिच्यावरून गोष्ट सुचली ती गेल्यावर गोष्ट चालवणे त्यांच्या मनाला पटले नाही.

२५ जानेवारी १९३७ रोजी ‘द गायडिंग लाइट’ सुरू झाली. तिच्यात रुथलेज नावाचे एक धर्मोपदेशक होते. ते आपल्या खोलीच्या खिडकीत रोज दिवा ठेवीत. ज्याला कुणाला मदत हवी असेल त्याने दिवा पाहून दार ठोठवावे, अशी ती खूण होती. संकटाच्या दिवसांत प्रवचनांनी आपल्याला जो उजेड दिला तो इर्नाबाईंनी सगळ्यांच्या खिडकीत नेऊन ठेवला. १९३९ साली ही मालिका बंद केली, तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांचा असा पाऊस पडला, की १९४० च्या जानेवारीत ती पुन्हा सुरू करावी लागली.

आता सोप ऑपेरा हे नाव कसे पडले ते सांगते. सोप म्हणजे साबण आणि ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक. मालिकांचा खर्च प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबणाच्या कंपन्या उचलीत. दुपारी धुणीभांडी करणारी बाई हीच त्यांची गिऱ्हाईक. म्हणून टीका करणाऱ्यांनी हे नाव कुचेष्टेने ठेवले. १९४२ साली न्यूयॉर्कच्या एका मानसोपचार डॉक्टरांनी तर या मालिकांनी बायकांची प्रकृती बिघडते असे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी तपासले काय, तर मालिका ऐकताना स्वतःचीच नाडी आणि रक्तदाब! पुरुषांनी क्रिकेट ऐकावे, सिनेमा पाहावा, पण बायकांनी अर्धा तास गोष्ट ऐकली की कुणाच्या तरी पोटात दुखते, हे सगळ्या देशांत सारखेच दिसते.

इर्नाबाईंची लिहिण्याची रीत पाहण्यासारखी होती. त्या लिहीत नसत, बोलत. खोलीत येरझारा घालीत एकेका पात्राचा आवाज काढून संवाद म्हणत आणि लेखनिक बाई ते टाइप करून घेत. १९४० नंतरच्या काळात एका वेळी पाच-पाच मालिका त्यांच्या हातात असत. वर्षाला वीस लाखांच्या आसपास शब्द त्यांच्या तोंडून उतरत. वर्षाची मिळकत अडीच लाख डॉलरपर्यंत गेली होती.

त्यांच्या मालिकांची मंद गती पुष्कळांना हास्यास्पद वाटे. पण त्यामागे विचार होता. ऐकणाऱ्या बाईचे अर्धे लक्ष चुलीकडे, अर्धे पाळण्याकडे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी धागा सापडला पाहिजे, म्हणून कालची हकिगत आज दुसऱ्या पात्राच्या तोंडून पुन्हा सांगायची. दोन प्रसंगांच्या मध्ये ऑर्गनचे सूर वाजवायचे. शुक्रवारी अशा जागी थांबायचे, की सोमवारपर्यंत जीव टांगणीला लागावा. मोठ्या घटनांपेक्षा कॉफीचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघरात होणारी बोलणी त्यांना महत्त्वाची वाटत. संसारातले खरे निर्णय तेथेच होतात, हे त्यांनी नेमके ओळखले होते. डॉक्टर, परिचारिका, वकील यांना मालिकांत मुख्य जागा देण्यातही त्या पुढे होत्या.

स्वतः इर्नाबाईंनी लग्न केले नाही. चाळिशीच्या सुमारास त्यांनी एक मुलगा आणि एक मुलगी दत्तक घेऊन वाढवली. लाखो घरांना संसाराच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईचे स्वतःचे घर असे होते.

पुढे टेलिव्हिजन आला. बाई काम करता करता ऐकू शकते, पण काम टाकून पाहत कशी बसेल, अशी शंका सगळ्यांनाच होती. १९४९ साली इर्नाबाईंनी ‘दीज आर माय चिल्ड्रन’ ही पंधरा मिनिटांची मालिका टेलिव्हिजनवर आणली, ती महिनाभरातच बंद पडली. त्या डगमगल्या नाहीत. ३० जून १९५२ रोजी ‘गायडिंग लाइट’ टेलिव्हिजनवर आली आणि १९५६ पर्यंत ती दोन्हीकडे चालली. तेच नट एकाच दिवशी तेच संवाद एकदा कॅमेऱ्यापुढे आणि एकदा नभोवाणीवर म्हणत. २ एप्रिल १९५६ रोजी ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. ओकडेल या काल्पनिक गावातील वकील ख्रिस ह्यूज, त्याची पत्नी नॅन्सी, मुले आणि आजोबा हे कुटुंब अमेरिकेला आपले शेजारी वाटू लागले. पुढे जवळजवळ वीस वर्षे दुपारच्या कार्यक्रमांत या मालिकेचा पहिला क्रमांक होता.

तेव्हा मालिका थेट दाखवीत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी नॅन्सी आणि आजोबा बोलत असतानाच मध्येच बातमी आली, की अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुष्कळ अमेरिकन बायकांना ती भयंकर बातमी या मालिकेपुढे बसलेल्या असतानाच कळली. आत काम करणाऱ्या नटांना मात्र काही ठाऊक नव्हते. ते आपले संवाद म्हणतच राहिले.

इर्नाबाई स्वभावाने कडक होत्या. शिकागो सोडून न्यूयॉर्कला राहायला त्या तयार नव्हत्या. घरी बसून मालिका पाहायच्या आणि संपताच फोन करून एकेकाची हजेरी घ्यायच्या. नॅन्सीचे काम करणाऱ्या हेलन वॅग्नर यांची कॉफी ओतण्याची ढब आवडली नाही म्हणून त्यांना सुरुवातीलाच काढून टाकले होते, असे सांगतात. पण लवकरच परत बोलावले. आजाराची त्यांना फार धास्ती होती, सारख्या डॉक्टरांकडे जात. असे असूनही हाताखालच्यांना त्यांनी शिकवून शहाणे केले. अ‍ॅग्नेस निक्सन या मुलीचे लिहिण्याचे खूळ जावे म्हणून वडिलांनी तिला इर्नाबाईंकडे धाडले, तर बाईंनी लिखाण वाचून तिला नोकरीवरच घेतले! याच अ‍ॅग्नेसबाईंनी १९६२ साली ‘गायडिंग लाइट’मध्ये बर्ट बॉअर या गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे दाखवले. रोगाचे नाव उच्चारायचीही त्यांना बंदी होती. तरी त्यांनी असे लिहिले, की पाहणाऱ्या बायकांना वेळेवर तपासणी करून घेण्याचे महत्त्व कळावे. ज्या गोष्टींना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत, त्यांनी हे काम केले.

उतारवयात इर्नाबाईंना अपयशही पाहावे लागले. १९६७ साली एका नव्या मालिकेत त्यांनी मिश्र वंशाच्या मुलीची प्रेमकथा घेतली. कंपनीने ती बंद करायला सांगितली, तेव्हा बाईंनी मालिकाच सोडली. नंतर त्या पुन्हा ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’कडे आल्या आणि किम नावाची मनस्वी मुलगी त्यांनी कथेत आणली. तिच्यात त्यांनी स्वतःला पाहिले होते. किमलाही लग्नावाचून दिवस जातात. कथानक पुष्कळ प्रेक्षकांना रुचले नाही. पन्नास वर्षे पोटात ठेवलेले दुःख बाईंनी सांगितले आणि कंपनीने १९७३ साली त्यांना कामावरून काढले. त्याच वर्षी डिसेंबरात त्या वारल्या. गाजावाजा झाला नाही. नाताळच्या शुभेच्छा द्यायला अ‍ॅग्नेसबाईंनी फोन केला तेव्हा त्यांना बाई गेल्याचे कळले.

बाई गेल्या, पण त्यांची घरे उभी राहिली. बर्टचे काम करणाऱ्या शॅरिटा बॉअर १९५० पासून १९८४ पर्यंत त्याच भूमिकेत राहिल्या. आजारपणात त्यांचा पाय कापावा लागला, तेव्हा कथेत बर्टचाही पाय गेला आणि त्या तशाच पुन्हा कामाला उभ्या राहिल्या. हेलन वॅग्नर पहिल्या दिवसापासून २०१० पर्यंत नॅन्सी होत्या. मे महिन्यात एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या आणि १७ सप्टेंबर २०१० रोजी मालिकाही संपली. ‘गायडिंग लाइट’ तिच्या आदल्या वर्षी, १८ सप्टेंबर २००९ रोजी, नभोवाणीचा काळ धरून बहात्तर वर्षांनी मालवली. आजीने पाहिली, आईने पाहिली आणि मग लेकीने पाहिली, अशी ही मालिका. अनेक जुन्या प्रेक्षकांना घरचे माणूस गेल्यासारखे झाले. तिकडच्या म्हाताऱ्या बायका या मालिकांना नुसत्या माझ्या गोष्टी म्हणत. त्या गोष्टींत बाळंतपणे झाली, मुले लढाईवर गेली, नवरे वारले, आणि तेवढ्यात पाहणारीच्या घरीही तेच सारे झाले होते. म्हणून त्या जुन्या नटनट्यांची आठवण निघाली, की त्यांना आपल्याच घरातील गेलेली माणसे आठवतात.

आपल्याकडे १९८४ साली ‘हम लोग’ आली, १९९४ साली दुपारची ‘शांती’ आली आणि १९९७ साली ‘दामिनी’ मराठीतून रोज भेटू लागली. ‘दामिनी’चे शीर्षकगीत लागले की कितीजणी हातातले काम टाकून येत, ते आपल्यातील वयस्क भगिनींना आठवत असेल.

रूपावरून नाकारलेली, प्रेमात फसलेली, पहिली गोष्ट कोर्टात हरलेली ही बाई. तिने बायकांच्या रोजच्या बोलण्याला मोल आहे असे मानले आणि ते जगाला मानायला लावले. दुपारी सगळी कामावर, शाळेत गेल्यावर घर कसे खायला उठते ते आपण जाणतो. त्या वेळी बाईमाणसाला सोबत लागते हे ओळखून तिने जन्मभर ती पुरवली. तिची ही थोडी ओळख आपल्या भगिनींना व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.