झाक ऑफेनबाख : अटींतून घडलेली विडंबन-संगीतिका

विडंबनाकडे परंपरेविषयीच्या अनादराची खूण म्हणून पाहण्याचा समीक्षेचा सर्वसाधारण कल असतो. ‘ऑर्फे ओझांफेर’, म्हणजेच ‘पाताळातील ऑर्फ्यूस’, या फ्रेंच विनोदी संगीतिकेचा कर्ता झाक ऑफेनबाख याचे चरित्र मात्र या समजुतीचा फेरविचार करावयास लावते.

ऑफेनबाखचा जन्म २० जून १८१९ रोजी कोलोन येथे झाला. वडील ज्यू प्रार्थनामंदिरात गायक होते. मुलाचे चेलोवादनातील असामान्य कौशल्य ओळखून त्यांनी १८३३ मध्ये त्याला पॅरिसला आणले. तेथील संगीतविद्यालय त्याने वर्षभरातच सोडले आणि ‘ऑपेरा-कोमिक’ या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात तो चेलो वाजवू लागला. आपल्या संगीतिका याच रंगमंचावर व्हाव्यात, ही त्याची आकांक्षा होती. संचालकांनी मात्र त्याला दीर्घकाळ दाद दिली नाही. अखेर १८५५ च्या औद्योगिक प्रदर्शनाचे निमित्त साधून त्याने ‘बूफ-पारिझियाँ’ हे स्वतःचे चिमुकले नाट्यगृह काढले. ५ जुलै रोजी तेथील प्रयोगांना प्रारंभ झाला.

तत्कालीन फ्रान्समध्ये कोणत्या नाट्यगृहाने काय सादर करावे, हे शासन परवान्याद्वारे ठरवीत असे. ऑफेनबाखला एकांकी कृती आणि प्रारंभी अवघी तीन बोलकी पात्रे एवढीच मुभा होती. पुढे ही संख्या चारवर गेली. १८५७ मधील ‘क्रोकफेर’ या कृतीला पाचव्या पात्राची आवश्यकता भासली, तेव्हा शत्रूंनी त्याची जीभ छाटली असल्याचे दाखवून नियमाचे पालन आणि नियमाचा उपहास एकाच वेळी साधण्यात आला. मोजकी पात्रे, चपळ संवाद आणि नेमके संगीत ही त्याच्या शैलीची वैशिष्ट्ये पुष्कळ अंशी या सक्तीतून आकारास आली, असे म्हणावे लागेल.

१८५८ मध्ये हे निर्बंध दूर झाले. नाट्यगृह त्या वेळी कर्जात होते, आणि मोठ्या यशाखेरीज तरणोपाय नव्हता. एक्तॉर क्रेम्यो आणि ल्युदोव्हिक आलेव्ही यांनी संहिता सिद्ध केली. परंतु आलेव्ही उच्च शासकीय पदावर असल्याने त्याने आपले नाव जाहीर होऊ दिले नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी ही दोन अंकी संगीतिका रंगभूमीवर आली.

मूळ पुराणकथेतील ऑर्फ्यूस मृत पत्नीच्या ओढीने पाताळात उतरतो. येथील ऑर्फ्यूस हा व्हायोलिनचा शिक्षक असून पत्नीच्या मृत्यूने त्याला सुटल्यासारखे वाटते. ‘लोकमत’ नावाचे पात्र लौकिकाचा धाक दाखविते, म्हणूनच तो तिला आणण्यास निघतो. दाम्पत्यनिष्ठेची जागा प्रतिष्ठेच्या भयाने घेतली आहे. दुसऱ्या साम्राज्याच्या काळातील प्रतिष्ठित समाजावरील हे भाष्य प्रेक्षकांच्या ध्यानी येण्यास विलंब लागला नाही. अमृताच्या त्याच त्या चवीला विटलेले देव ज्युपिटरविरुद्ध बंड करतात, तेव्हा संगीतात ‘मार्सेयेझ’ या क्रांतिगीताची धून डोकावते. ऑर्फ्यूस पत्नीची मागणी करतो त्या प्रसंगी ग्लूकच्या ऑर्फ्यूसविषयक संगीतिकेतील विख्यात विलापगीताची चाल योजिलेली आहे. ती ज्याला परिचित आहे, त्यालाच हा विनोद पूर्णत्वाने आस्वादता येतो. हे विडंबन परंपरेच्या स्मृतीवरच उभे आहे.

समीक्षक झ्यूल झानँ याने मात्र ‘झुर्नाल दे देबा’मधून या कृतीवर पावित्र्यभंगाचा आरोप केला. त्याने ज्या भाषेची निर्भर्त्सना केली, त्यातील एक अलंकारप्रचुर उतारा त्याच्याच लेखनातून उचललेला असल्याचे पुढे उघड झाले. या वादाने प्रेक्षकांची रीघ लागली. सलग २२८ प्रयोग झाले आणि नाट्यगृह तरले.

तरीही मूळ आकांक्षा अपुरीच राहिली. डिसेंबर १८६० मध्ये ‘ऑपेरा-कोमिक’ने त्याची ‘बार्कूफ’ ही संगीतिका सादर केली. लाहोरच्या सुभेदारीवर कुत्र्याची नेमणूक करणारे हे कथानक तेथे सपशेल कोसळले. ‘ला बेल एलेन’ (१८६४) इत्यादी कृतींनी त्याला युरोपभर कीर्ती दिली. परंतु १८७० च्या युद्धानंतर त्याचे जर्मन मूळ लोकांना खुपू लागले. पुढे ‘गेते’ नाट्यगृहाच्या व्यवस्थापनात तो कर्जबाजारी झाला आणि १८७६ मध्ये त्याला अमेरिकेचा दौरा पत्करावा लागला.

५ ऑक्टोबर १८८० रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा ‘ले कोंत दॉफमान’ ही गंभीर संगीतिका अपूर्ण होती. एर्नेस्त गिरो याने ती पूर्णत्वास नेली आणि १० फेब्रुवारी १८८१ रोजी ‘ऑपेरा-कोमिक’मध्येच तिचा प्रथम प्रयोग होऊन ती यशस्वी झाली. ज्या वाद्यवृंदात तो तरुणपणी चेलो वाजवीत असे, त्या नाट्यगृहाने त्याला आपले म्हटले ते त्याच्या मृत्यूनंतर. तोवर त्याच्या ‘पाताळातील ऑर्फ्यूस’ने विनोदी संगीतिकेची स्वतंत्र परंपरा निर्माण केली होती.