संत एडिथ स्टाईन : पितळेवर कोरलेले नाव



९ ऑगस्ट हा क्रुसाच्या संत तेरेसा बेनेडिक्टा यांचा स्मरणदिन. त्यांचे घरचे नाव एडिथ स्टाईन. १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे, एका भाविक यहुदी कुटुंबात त्या जन्मल्या. ११ भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील लवकर वारले. आईने लाकडाची वखार चालवून मुले वाढवली.

किशोरवयात एडिथ यांनी प्रार्थना सोडली व पुढे तत्त्वज्ञानाची वाट धरली. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याला कसे कळते, या विषयावर १९१६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अविलाच्या संत तेरेसांचे आत्मचरित्र वाचून त्या ख्रिस्ताकडे वळल्या आणि १ जानेवारी १९२२ रोजी त्यांचा स्नानसंस्कार झाला. १९३३ साली हिटलरच्या राजवटीत त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी त्या कोलोनच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. १९३८ च्या अखेरीस हॉलंडमधील एख्तच्या मठात गेल्या.

पुढचे तीन रविवार आपण लक्षात ठेवावेत. २६ जुलै १९४२ : यहुद्यांच्या हद्दपारीचा निषेध करणारे महागुरुस्वामींचे पत्र हॉलंडच्या चर्चमधून वाचले गेले. २ ऑगस्ट : त्याचा सूड म्हणून यहुदी वंशाच्या कॅथलिकांची धरपकड झाली, एडिथ व त्यांची बहीण रोझा पकडल्या गेल्या. ९ ऑगस्ट : आउश्वित्झच्या छावणीत दोघींना ठार मारण्यात आले.

वेदीवरून बोललेल्या सत्याची किंमत दुसऱ्यांनीच मोजली. मग गप्प राहायला हवे होते का? हा प्रश्न आम्हालाही बोचतो. गप्प राहून कदाचित आपले काही जण वाचले असते. शेजाऱ्यांचे जाणे मात्र थांबले नसते.

१९९८ साली एडिथ यांना संतपद मिळाले. व्रोत्सवाफमध्ये त्यांच्या घरापाशी फुटपाथवर त्यांच्या नावाचा छोटा पितळी दगड आहे. जर्मन कलाकार गुंटर डेम्निग यांनी सुरू केलेले असे एक लाखाहून अधिक दगड युरोपभर बसवले आहेत. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात, तशी त्यांवरची अक्षरे हाताने ठोकलेली असतात. एक दगड, एक नाव.

नाझींनी माणसाचे नाव पुसून फक्त वंश पाहिला. आपल्या गावांतही माणसाला नावाऐवजी जातीवरून हाक मारली जाई, वडीलधाऱ्यांना विचारा. या आठवड्यात ज्याचे नाव आपण कधी विचारलेच नाही, अशा एकाला तरी त्याचे नाव विचारू या आणि त्याच नावाने त्याच्यासाठी प्रार्थना करू या.

आपला,
धर्मगुरू