अनुदान आणि मूठभर धान्य

1914 साली नाशिकला स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजासह जिल्ह्यातील जुन्या शिक्षणसंस्थांचा प्रपंच सरकारी अनुदान आणि लोकांच्या देणग्या या दोहोंवर चालत आला आहे. परंतु जो पैसा देतो तो हुकमतही मागतो. अशा वेळी संस्थाचालकाने कसे वागावे, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यासाठी दारोदार हिंडून मूठ-मूठ धान्य गोळा केले. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. मुलांनीही श्रम करून शिकावे, असा भाऊरावांचा दंडक होता.

सरकारचा पैसा त्यांना वर्ज्य नव्हता. 1937 नंतर व्हॉलंटरी शाळांच्या योजनेचा आधार घेऊन त्यांनी खेडोपाडी शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. मात्र 1948 साली मुंबई सरकारची अवकृपा झाली व अनुदान थांबले. तेव्हा भाऊरावांनी लोकांपुढे झोळी पसरली. संस्था मोडली नाही. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

धनिकांपुढेही ते वाकले नाहीत. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्यास त्यांनी साफ नकार दिला, असे सांगतात. 9 मे 1959 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मागे राहिली ती रयतेची संस्था.

महाराष्ट्रात प्रवेशासाठी कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा 1987 मध्ये झाला. 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा मार्ग मोकळा झाला. तरीही प्रवेशाच्या वेळी नडलेल्या पालकाकडून वसूल केलेल्या रकमेस देणगी म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय. भाऊरावांची देणगी घराघरांतून स्वखुशीने आलेली होती. म्हणूनच सरकार रुसले तेव्हा लोक संस्थेच्या पाठीशी उभे राहिले. अनुदानाचा हिशेब सरकारला द्यावाच लागतो. देणगीचा हिशेब पालकांपुढे उघडपणे मांडण्याचे धैर्य आमचे संस्थाचालक दाखवतील काय?